कडा, कुऱ्हाडीची पाठ आणि अश्म : ‘हॅमर’ या नावाचं प्रकरण

नॉर्वेत म्योसा नावाच्या मोठ्या तळ्याच्या काठावर हामार हे शहर आहे. त्याच तळ्याच्या वरच्या टोकाला लिलेहामर, १९९४ सालचं हिवाळी ऑलिंपिक झालं ते. नावाचा अर्थ ‘धाकटं हामार’. पार उत्तरेला, ध्रुववृत्ताच्याही बरंच वर, हामरफेस्ट. बाल्टिक समुद्रातल्या बोर्नहोम या डॅनिश बेटावर हामरहुस नावाचा पडका किल्ला आहे आणि तो बेटाच्या ज्या खडकाळ टोकाशी उभा आहे, त्या टोकाला हामरेन म्हणतात. आइसलँडच्या पूर्व किनाऱ्यावर हामार्सफ्योर्दुर ही खाडी. यातल्या एकाही नावात हातोडा नाही. इथं हामार म्हणजे कडा, पाण्यालगत ताठ उभा राहिलेला उघडा खडक. हामरफेस्टमधलं ‘फेस्ट’ म्हणजे जहाज बांधून ठेवायची जागा. कड्याला लागून पाणी खोल असतं, तिथं जहाज आत आणता येतं, म्हणून ते नाव.

आणि तरीही आइसलँडचा सुतार खिळा ठोकायला जे उचलतो, त्यालाही हामारच म्हणतो.

हाच शब्द जर्मानिक घराण्यात जवळजवळ सगळीकडे आहे. इंग्रजीत हॅमर, जर्मन आणि डचमध्ये हामर, डॅनिश-नॉर्वेजियनमध्ये हामर, स्वीडिशमध्ये हामारे. मागे गेलं तर जुन्या इंग्रजीत हामोर, जुन्या सॅक्सनमध्ये हामुर, जुन्या उच्च जर्मनमध्ये हामार. इतकी रूपं इतकी एकसारखी असली की मूळ रूप बांधणं सोपं जातं, आणि अभ्यासकांनी ते ‘हमरझ’ असं बांधलेलंही आहे. इथवर वाद नाही. वाद आहे तो त्याच्या मागच्या पायरीवर : हे हमरझ आलं कुठून, आणि मुळात त्याचा अर्थ ‘ठोकायचं अवजार’ होता की ‘दगड’?

कोशांमध्ये एकोणिसाव्या शतकापासून एक उत्तर फिरतंय. हॅमर हा संस्कृत ‘अश्मन्’चा भाऊ आहे, त्याचा मूळ अर्थ दगड, आणि हातोडे दगडाचे होते त्या काळाची आठवण या शब्दात शिल्लक आहे. तुमच्या-आमच्या वाचनात हे उत्तर येतं तेव्हा अर्थातच बरं वाटतं. अश्मयुग, जीवाश्म, मुतखड्याची ‘अश्मरी’, हे सगळं शाळेपासून ओळखीचं, आणि त्याचं नातं थेट इंग्रज सुताराच्या पेटीशी! पण बरं वाटणं हा पुरावा नव्हे. प्रकरण तपासून पाहू.

नातं जुळवणारा नियम नीट ठरलेला आहे. रास्मुस रास्क या डॅनिश पंडितानं १८१८ साली आणि याकोब ग्रिमनं १८२२ साली तो मांडला : मूळ भाषेतला (म्हणजे संस्कृत, ग्रीक, जर्मानिक या सगळ्यांची समाईक पूर्वज जी इंडो-युरोपीय, तिच्यातला) ‘क’ जर्मानिकमध्ये ‘ह’ होतो. संस्कृतात त्यातल्या एका प्रकारच्या ‘क’चा ‘श’ झाला. म्हणून आपल्याकडे ‘श’ दिसला की तिकडे ‘ह’ सापडायला हवा, आणि सापडतोही. शत आणि हंड्रेड. श्वान आणि हाउंड. शृंग, म्हणजे आपलं शिंग, आणि हॉर्न. धार लावायच्या दगडाला संस्कृतात शाण म्हणतात, देवघरातली चंदन उगाळायची सहाण त्यातूनच आली, आणि इंग्रजीत धार लावायच्या दगडाचं नाव आहे होन, जुनं रूप हान. ही जोडी पाहून ठेवा, पुढे कामाला येईल.

आता हाच नियम ‘अश्मन्’ला लावा. श च्या जागी ह ठेवला की जर्मानिकमध्ये ‘अहम-’ असं काहीतरी मिळायला हवं. मिळतं ‘हमर’. म्हणजे ह आहे, म आहे, पण ह शब्दाच्या मधे असायला हवा होता तो पहिल्या जागी येऊन बसलाय. शिवाय शेवटी न् नाही, र आहे. या प्रकरणाची सगळी अडचण एवढ्यात आहे. पुष्कळशा लोकप्रिय पुस्तकांत ‘हॅमर = अश्मन्’ असं लिहिताना या अडचणीचा उल्लेखही नसतो, ते मला खटकतं.

शेवटच्या र चं कोडं त्यातल्या त्यात हलकं. जुन्या भाषेत काही नामं एका विभक्तीत र् आणि दुसऱ्या विभक्तीत न् घेत. संस्कृतातच बघा : ‘अहर्’ आणि ‘अहन्’, दोन्ही दिवसच. अहर्निश म्हणताना र येतो, मध्याह्न म्हणताना न येतो. अश्मन् शेजारी ‘अश्मर’ (दगडी) हे विशेषण संस्कृतात आहेच, आणि अश्मरी त्यावरूनच. तेव्हा र दिसला म्हणून दावा फेटाळता येत नाही.

पहिल्या ह चं कोडं खरं जड आहे. त्यातून बाहेर पडायच्या दोन वाटा सुचवल्या गेल्या आहेत.

एक, वर्णविपर्यय. जीभ अक्षरांची अदलाबदल करते. आपल्याकडे नुकसानचं नुसकान होतं, मतलबचं मतबल होतं, वाराणसीचं बनारस झालं ते तर कायमचंच. इंग्रजीतही बर्ड आधी ब्रिड होता, हॉर्स आधी ह्रोस. त्याच धर्तीवर ‘अक्-म’चं ‘क-म’ झालं असेल. हे हवेतलं नाही, कारण शेजारच्या स्लाव्हिक भाषांत अगदी असंच काहीतरी झालेलं दिसतं. जुन्या स्लाव्हिकमध्ये दगड म्हणजे कामी, रशियनमध्ये कामेन, पोलिशमध्ये कामियेन. तर लिथुआनियनमध्ये तोच शब्द अक्मुओ, स्वर अजून पुढे शाबूत. अक्मुओ आणि कामेन यांची जोडी पाहिली की हमरझच्या आधी ‘कमर-’ कसं असू शकेल, ते डोळ्यासमोर येतं.

दोन, स्वरलोप. ही वाट संस्कृत शिकलेल्याला लगेच कळेल. ‘अस्ति’ म्हणताना अ आहे, ‘सन्ति’ म्हणताना तो गळाला. धातू एकच, आघात पुढे सरकला की आधीचा स्वर नाहीसा. दगडाच्या शब्दाचीही काही रूपं पहिल्या स्वराशिवाय असतील, आणि जर्मानिकनं व स्लाव्हिकनं तीच धरून बाकीची सोडली असतील. मग अदलाबदलीची गरजच उरत नाही.

मला दुसरी वाट जास्त पटते, कारण तिच्यात अपघात कमी आणि नियम जास्त. पण ती नुसतीच शक्य आहे. तशी रूपं कुठे लिहिलेली सापडलेली नाहीत. एकूण ध्वनींच्या बाजूनं निकाल असा : नातं अशक्य नाही, सिद्धही नाही. दार अर्धं उघडं. आता अर्थाच्या बाजूनं साक्षी बोलवायला लागतील.

पहिली साक्ष गावांच्या नावांची, आणि ती जपून घ्यायला हवी. जर्मनीतही हामर नावाची ढिगानं ठिकाणं आहेत, ती पाहून कुणी म्हणेल की कड्याचा अर्थ सगळ्याच जर्मानिकमध्ये होता. तसं नाही. जर्मनीतल्या बहुतेक हामरांचा उगम मध्ययुगातल्या लोखंडाच्या कारखान्यांत आहे. ओढ्याच्या पाण्यावर मोठं चाक फिरायचं, चाकाच्या आसावरचे दाते एका लांब दांड्याला उचलून सोडायचे आणि दांड्याच्या टोकाचा घण तापलेल्या लोखंडावर आदळायचा. अशा कारखान्यालाच हामर म्हणत. बव्हेरियाच्या ओबरफाल्त्स भागात हे इतके होते की १३८७ साली तिथल्या कारखानदारांनी आपसात करार करून धंद्याचे नियम बांधून घेतले. लंडनचं हॅमरस्मिथही भट्टीचंच नाव. ही सगळी नावं अवजारावरून आलेली आहेत. ती बाजूला काढली की कड्याचा अर्थ मुख्यतः उत्तरेकडे, नॉर्स भाषांत उरतो. म्हणजे ही साक्ष आहे, पण एकाच शाखेची. कडा हा अर्थ मूळचा आणि बाकीच्यांनी तो गमावला, असंही असेल. किंवा अवजार मूळचं, आणि हातोड्याच्या डोक्यासारखा पुढे आलेला खडक पाहून उत्तरेकडच्यांनी त्याला ते नाव दिलं, असंही असेल. नुसत्या नकाशावरून हे ठरत नाही.

दुसरी साक्ष घराण्याबाहेरची आहे, आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. फिनिश भाषा जर्मानिक नाही, इंडो-युरोपीयही नाही. पण तिनं फार जुन्या काळी जर्मानिक शेजाऱ्यांकडून शब्द घेतले आणि ते जवळजवळ जसेच्या तसे ठेवले. राजाला फिनिश कुनिंगास म्हणतात, कड्याला (अंगठी अशा अर्थानं) रेंगास. इंग्रजीत त्यांचे किंग आणि रिंग होऊन शेपट्या कधीच झडल्या, फिनिशमध्ये अजून आहेत. त्याच जुन्या उसनवारीत फिनिशमध्ये ‘हामारा’ आला. त्याचा अर्थ हातोडा नाही, कडाही नाही. हामारा म्हणजे कुऱ्हाडीची पाठ, पात्याच्या उलट बाजूचा जाड बोथट भाग.

हे एकटं असतं तर योगायोग म्हणून सोडलं असतं. पण जुन्या नॉर्समध्येही कुऱ्हाडीच्या पाठीला ‘ओक्सारहामार’ असा शब्द आहे, शब्दशः कुऱ्हाडीचा हामार. सागांमधली (आइसलँडच्या जुन्या गद्यकथांमधली) माणसं एखाद्याला ठार न मारता नुसतं आडवं करायचं असलं की कुऱ्हाड उलटी धरून या हामारानं हाणतात.

आता कुऱ्हाडीकडेच जरा जवळून पाहू. डेन्मार्कच्या युटलंडमध्ये इसवी सनापूर्वी २८०० च्या सुमाराला जी माणसं आली, ती आपल्या पुरुषांना पुरताना सोबत दगडी कुऱ्हाड ठेवत. गुळगुळीत घासलेला दगड, मधोमध दांड्यासाठी आरपार पाडलेलं गोल भोक. भोक पाडायचं म्हणजे लाकडाची किंवा हाडाची नळी आणि वाळू-पाणी घेऊन तासन्‌तास फिरवत बसायचं. एका टोकाला धार, दुसऱ्या टोकाला गुठळीसारखा बोथट गोळा. एकाच दगडात कुऱ्हाड आणि हातोडा. ती माणसं जर्मानिक बोलत नव्हती, तो बदल व्हायला अजून दोन हजार वर्षं होती, पण जर्मानिक ज्या बोलीतून पुढे निघालं ती त्यांच्याच आसपासची असावी, असं मानणारे पुष्कळ आहेत. असल्या अवजाराच्या बोथट बाजूला ‘दगड’ याच अर्थाचं नाव पडणं मला तरी ओढूनताणून वाटत नाही. कड्याचा उभा चेहरा, कुऱ्हाडीची पाठ, हातोड्याचं डोकं : तिन्हीत जाड, सपाट, धार नसलेला ठोकळा आहे.

इथं एक आक्षेप येतो, आणि तो बिनतोड वाटतो. अश्मन् ज्या धातूवरून आला असं म्हणतात, त्याचा अर्थ ‘तीक्ष्ण’. त्याच धातूवरून संस्कृतात अश्रि म्हणजे धार, कोपरा. चार कोपऱ्यांचं ते चतुरश्र, आणि तेच मराठीत झिजून चौरस झालं. लिथुआनियनमध्ये अक्मुओ म्हणजे दगड असताना शेजारीच ‘अश्मुओ’ म्हणजे पातं, धार. मग धारेच्या धातूतून जगातल्या सगळ्यात बोथट अवजाराचं नाव कसं यावं?

याला उत्तर ग्रीकमध्ये आहे. तोच शब्द ग्रीकमध्ये ‘आक्मोन’ होतो आणि त्याचा रुळलेला अर्थ आहे ऐरण. हेसिओडच्या देवकथेत आकाशातून सोडलेली काशाची ऐरण नऊ दिवस, नऊ रात्री पडत राहते आणि दहाव्या दिवशी पृथ्वीला लागते, ती आक्मोनच. तीक्ष्ण, मग धारदार दगड, मग कुठलाही दगड, मग लोहाराकडचा जड ठोकळा, असा प्रवास ग्रीकनं केलेला आपल्याला दिसतो. आक्मोनबद्दल ध्वनींची काहीच अडचण नाही, तो अश्मन्‌चा सख्खा भाऊ आहे, याबद्दल मतभेद नाहीत. एका भाषेत हा शब्द ऐरण झाला, तर दुसऱ्या भाषेत त्याच भट्टीतला हातोडा होणं मुळीच अवघड नाही.

आता थॉर. हॅमरच्या चर्चेत तो येणारच, आणि माझ्या मते त्यानं प्रकरण सोपं करण्याऐवजी बिघडवलंय. युक्तिवाद असा करतात : थॉर गडगडाटाचा देव, त्याचा हातोडा म्योल्निर म्हणजे वीज. ऋग्वेदात (२.३०.५) इंद्राला सांगितलंय की द्युलोकातून, उंचावरून अश्मा खाली फेक. तेव्हा अश्मा आणि हॅमर एकच, आकाशातून पडणारा दगड. त्याला जोड म्हणून युरोपभर शेतात सापडणाऱ्या जुन्या दगडी कुऱ्हाडी, ज्यांना खेडूत विजेबरोबर पडलेले दगड समजून घरात ठेवत. चित्र मोठं देखणं आहे. पण म्योल्निरची कथा आपल्याला सविस्तर मिळते ती आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनकडून, तेराव्या शतकात, आणि त्याचा म्योल्निर दगडाचा नाहीच. बुटके कारागीर तो भट्टीत घडवतात. लोकी हा खोडसाळ देव माशी होऊन भाता ओढणाऱ्याच्या पापणीला चावतो, भाता क्षणभर थांबतो, म्हणून दांडा आखूड राहतो. ही लोहारकामाची गोष्ट आहे. उलट त्याच स्नोरीच्या दुसऱ्या कथेत दगडाचं हत्यार थॉरच्या शत्रूकडे, ह्रुंग्निर राक्षसाकडे आहे, आणि त्याचं नाव आहे ‘हेइन’, म्हणजे धार लावायचा दगड. आपली शाण, इंग्रजीतला होन. स्नोरीच्या डोळ्यासमोर हातोडा आणि दगड या दोन वेगळ्या, एकमेकांवर आदळणाऱ्या वस्तू आहेत.

डेन्मार्कमधून थॉरच्या हातोड्याबद्दल एक सुरेख पुरावा २०१४ साली मिळाला. लोलंड बेटावर क्योबेलेव इथं दहाव्या शतकातलं एक छोटं हातोड्याच्या आकाराचं गळ्यातलं सापडलं. असली गळ्यातली उत्तर युरोपात हजारावर मिळाली आहेत, पण यावर रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीत अक्षरं आहेत : ‘हमार इस’, हा हातोडा आहे. कोरणाऱ्यानं ह नंतरचा अ खाल्ला, नुसतं ‘ह्मार’ कोरलं. असल्या गळ्यातल्यांचा आकार हातोड्याचाच आहे का, यावर शंका घेतली जायची. कोरणाऱ्यानं ती परस्पर मिटवली. पण आपल्या प्रश्नाला त्यातून काही मिळत नाही. दहाव्या शतकात हामार म्हणजे हातोडा होताच. त्याआधी दोन-तीन हजार वर्षांपूर्वी काय होतं, ते गळ्यातलं कसं सांगणार?

असाच आणखी एक फसवा साक्षीदार सुरीचा. जर्मनमध्ये सुरी म्हणजे मेसर, जुन्या ‘मेत्सि-साख्स’वरून, म्हणजे खाण्याची सुरी. यातला साख्स (ज्यावरून सॅक्सन लोकांचं नाव पडलं असं म्हणतात) लॅटिन साक्सुम, म्हणजे खडक, याच्याशी जुळतो. झालं, म्हणतात, सुरीही दगडच! पण या दोघांच्या मागे ‘कापणे’ हा धातू आहे. सुरी म्हणजे कापणारी, आणि खडक बहुधा कापून तुटलेला. दोन्ही एका धातूची वेगवेगळी लेकरं असतील तर एकाचा अर्थ दुसऱ्यातून आला, असं होत नाही. हॅमरच्या बाजूनं हा पुरावा वापरू नये.

आकाशाचा धागा मात्र थोडा वेगळा आहे. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात, ‘अस्मन्’ म्हणजे दगड आणि आकाश, दोन्ही. आकाश दगडी घुमट आहे अशी कल्पना त्यामागे. त्यातून फारसी आस्मान, आणि त्यातून मराठीत आलेलं अस्मान, अस्मानी-सुलतानीतलं. जर्मानिकमध्ये आकाशाचे शब्द गॉथिक हिमिन्स, जर्मन हिमेल, इंग्रजी हेवन असे आहेत, आणि त्यांना याच दगडाच्या शब्दाशी जोडायचा प्रयत्न बऱ्याच अभ्यासकांनी केलाय. तो खरा ठरला तर हॅमर आणि हेवन बहीण-भाऊ, आणि पहिल्या जागी ह येण्याची अडचण एकट्या हॅमरची राहत नाही. पण एक शंकास्पद नातं दुसऱ्या शंकास्पद नात्याच्या टेकूवर उभं करू नये. मी ते बाजूलाच ठेवलंय.

तर माझा निकाल असा. हॅमर आणि अश्मन् यांचं नातं बहुधा खरं आहे, आणि ते खरं वाटायला लावणारे साक्षीदार आहेत ग्रीक ऐरण, स्लाव्हिक कामेन आणि फिनिश कुऱ्हाडीची पाठ. इंद्र आणि थॉर नव्हेत. मात्र ‘हातोडे दगडाचे होते तेव्हाचं हे नाव’ ही त्याला जोडलेली कथा मी मान्य करत नाही. मूळ इंडो-युरोपीय बोलणाऱ्यांना तांबं ठाऊक होतं, आणि अवजाराला दगडाचं नाव पडायला अश्मयुग लागत नाही. ग्रीक लोहाराची ऐरण धातूची होती आणि तरी तिचं नाव आक्मोनच राहिलं. हमरझ हे आधी ठोकळ्याचं नाव असावं, कड्याच्या आणि कुऱ्हाडीच्या पाठीच्या, आणि अवजाराला ते त्या ठोकळ्यावरून मिळालं असावं.

या प्रकरणात एक महत्त्वाचा साक्षीदार हजरच नाही. जर्मानिक भाषांतला सगळ्यात जुना मोठा ग्रंथ म्हणजे चौथ्या शतकात वुल्फिलानं केलेला बायबलचा गॉथिक अनुवाद. त्याची उरलेली पानं जवळजवळ सगळी नव्या कराराची आहेत आणि त्यात हातोड्याचा प्रसंगच येत नाही. जुन्या करारातला उरलाय तो मुख्यतः नेहेम्याचा तुकडा. हातोडा आहे यिर्मयाच्या तेविसाव्या अध्यायात, एकोणतिसाव्या वचनात, जिथं देव म्हणतो की माझं वचन खडक फोडणाऱ्या हातोड्यासारखं नाही काय? गॉथिकमध्ये ते पान राहिलं असतं, तर हातोडा आणि खडक हे दोन्ही शब्द कदाचित एका ओळीत मिळाले असते.